भिंतीजवळची जागा

लातुरातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आता अभ्यासिका झाली होती. अंगणातल्या रांगेत जागेसाठी आलेल्या लुबनाच्या पुढं एक आजी नातीला घेऊन उभी होती. टेबलाशी जिनिंगचे जुने फिटर गफूरचाचा जागा नोंदवत होते.

“अक्का, भिंतीजवळची जागा देतो. तिथं लई गार लागतं. सगळी पोरं तीच मागून राहिलीत.”

“भिंत कशाची हाय?”

“दगडाची. मालकांनी मुद्दाम जुनीच ठेवली. पोरं फोटो काढतात तिथं.”

“मग नगं. दाराजवळची द्या.”

“आजी, दाराजवळ गाड्यांचा किती आवाज येतो!”

“येऊ दे, आरती.”

“अक्का, तुम्ही किल्लारीच्या का?”

“हाव.”

“मग ऐका. भूकंप झाला तवा मी आतच निजलो होतो. ही भिंत तसूभर हलली न्हाई.”

“खरं?”

“अल्लाकसम! अजून शंभर वर्षं तिला काही होत न्हाई.”

“मग आत एवढं गार असताना तुम्ही इथं उन्हात का बसून राहिलात, भाई?”

गफूरचाचांनी पेनचं टोपण काढलं.

“आरती बेटा, पुरं नाव सांग. दाराजवळची एक नंबर लिहितो.”