जावेच्या मधाची फॅट

शाळेच्या प्रकल्पासाठी विहिरीचं पाणी तपासायला प्रयोगशाळेच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे डेअरीला दूध घालणाऱ्या एक काकू आणि त्यांची धाकटी बहीण. काकूंच्या हातात त्यांच्या जावेच्या मधाचा रिपोर्ट! मग काय, माझे कान तिकडेच.

"बघ, फॅट शून्य! म्हणत नव्हते मी?"

"ताई, हळू गं."

"का हळू? माझ्या म्हशीच्या दुधाला सात फॅट लागते, तरी सासूबाईंच्या तोंडून कौतुकाचा शब्द नाही. आणि जावेच्या या बिनकसाच्या पाण्याला बोटं चाटत 'अमृत, अमृत'! आज जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवते."

"आधी खिडकीतल्या मॅडमना विचार तरी."

"अहो मॅडम, फॅट शून्य म्हणजे भेसळच ना?"

"मधात फॅट नसतेच हो, काकू. सतरा टक्के पाणी आणि बाकी जवळजवळ सगळी मधाची स्वतःची साखर. हा तर अगदी अस्सल आहे. तुमच्याच मधपेट्यांचा का?"

"जावेच्या."

"नशीबवान आहात! घरचा मध."

"ऐकलंस ना ताई? आता काय वाचणार जेवताना?"

"गप बस. टाक तो कागद पिशवीत. तळाशी."

"लागतो तरी कसा गं हा मध?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? तुला देत नाही ती?"

"देते ना मेली. चार वर्षं झाली, दर हंगामाची पहिली बाटली मलाच आणून देते."

"मग?"

"एकीचंही झाकण उघडलं नाही मी. यंदाची तेवढी उघडली, तीही तपासायला."