चवरीवालीचा डावा हात

पुरवणी जबाब, दि. १७, सकाळी ११.४० वा.

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा मूर्तींचे साचे घेऊन प्लास्टरच्या प्रती ओतणे व अभ्याससहलींची व्यवस्था पाहणे, राहणार वखारीची गल्ली, पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला, आज आपण होऊन ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही, कोणी धाकही घातलेला नाही. परवा दि. १५ रोजी मी ह्याच टेबलावर एक जबाब दिला होता. त्यातील नाव, वय आणि पत्ता खरा आहे, बाकी सगळे खोटे आहे. खरे काय घडले ते आता समक्ष सांगते, ते असे की,

सहल आमच्या सरांची होती. सर म्हणजे मूर्तिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय ६८. दक्षिणेकडची जुनी देवळे आणि राजवाडे दाखवायला ते दरवर्षी नऊ दिवसांची सहल काढतात. यंदा माणसे एकोणीस होती, बहुतेक निवृत्त. सर बोलतात आणि बाकीचे सगळे मी करते. खोल्या, बस, जेवण, आणि जे गोळ्या घरी विसरून येतात त्यांच्या गोळ्याही. अंधाऱ्या दालनात आरशाने ऊन आत घेऊन ते छतावरच्या कोरीव कामावर टाकायचे, हेही माझेच काम. विजेच्या झोताने जुने रंग खराब होतात म्हणून सर आरसाच वापरतात. आरसा उभा करायला कमरेएवढा लोखंडी दांडा आहे. तुम्ही जप्त केलेला दांडा तोच.

सरांकडे मी बावीस वर्षे आहे. पहिल्या जबाबात ‘सर शांत स्वभावाचे आहेत’ असे मी म्हटले होते. ते तसे नाहीत, त्यांचा हात उठतो. बारा वर्षांपूर्वी एक साचा माझ्याकडून तडकला, तेव्हा त्यांनी तो माझ्या तोंडावर फेकला. भुवईला तीन टाके पडले. घरी मी कपाटाचे दार लागले असे सांगितले. आई म्हणाली, “त्या कपाटाला सांग, पुन्हा माझ्या लेकीला लागलास तर चुलीत घालीन.” आईला कळले होते. मी मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले.

ह्या सहलीत दुसऱ्या दिवशी एक बाई देवळाच्या खांबाला टेकल्या. सरांनी त्यांचे मनगट धरून इतके पिरगळले की त्या खाली बसल्या. नंतर त्यांनीच सरांची माफी मागितली. तिसऱ्या दिवशी व्याख्यान चालू असताना ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सर पायऱ्या उतरून गेले, त्याला खिडकीतून बाहेर ओढून त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि परत येऊन अर्धे राहिलेले वाक्य पुरे केले. ड्रायव्हरच्या कानातून रक्त आले होते. मी त्याला कापूस दिला आणि तो गप्प राहील असे पाहिले. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तशातली गत होती. सरांसारखे ज्ञान दुसऱ्या कोणाकडे नाही, असे आम्ही सगळे एकमेकांना सांगत असू.

जे वारले त्यांना हवालदार ‘मयत इसम’ लिहीत होते. मी त्यांना तसे न लिहिण्याची विनंती केली आहे. सहलीत सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. वय ७१, चाळीस वर्षे घड्याळदुरुस्तीचे दुकान. सोबत त्यांची पत्नी, त्यांना आम्ही काकू म्हणतो. काकूंची दृष्टी अकरा वर्षांपूर्वी पूर्ण गेली. चालताना त्यांना हाताला धरून नेण्याचे काम सरांनी माझ्याकडे दिले होते, कारण घड्याळजी एकीकडे बघत दुसरीकडे चालत आणि दोघेही धडपडत.

घड्याळजी काकूंना जे दिसेल ते सांगत असत. सरांचे व्याख्यान चालू असताना मागून त्यांचे सुरू व्हायचे. “सात घोडे आहेत बघ. सहा ओढतायत. चौथा आपल्या जावयासारखा, मान वर नि काम शून्य.” माणसे हसत. सर एकदा म्हणाले, “इथे बोलणारा एकच असेल.” त्यानंतर घड्याळजी कुजबुजत सांगू लागले, पण घड्याळाच्या टोल्यांत आयुष्य गेलेल्या माणसाची कुजबुज, ती चार खांबांपलीकडेही ऐकू जाई. सरांच्या कपाळाची शीर फुगलेली मला दिसत होती. मी काही केले नाही.

दगडाला हात लावायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. बोटांचे तेल लागून दगड काळा पडतो, हे खरेच आहे. पण त्यामुळे काकू प्रत्येक देवळात रांगेत उभे असल्यासारख्या नुसत्या उभ्या राहत. मला ते बघवेना. चौथ्या दिवशी, दि. १४ रोजी, सकाळी ७.३० वाजता हॉटेलात नाश्त्याच्या वेळी मी माझ्या पेटीतून एक प्रत काढून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या राजवाड्यात जाणार होतो, तिथल्या मूर्तिदालनात चवरी ढाळणारी एक दासी आहे, तिच्या डाव्या हाताची ती प्रत. मनगटापासून बोटांपर्यंत, मूळ मापाची. साचा मी सहा वर्षांपूर्वी घेतला होता. प्रती सरांच्या व्याख्यानासाठी असतात आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणाला द्यायच्या नाहीत. मी विचारले नव्हते.

काकूंनी तो हात बराच वेळ चाचपला. मग म्हणाल्या, “हिनं अंगठी कधी काढलेलीच नाही गं. तिच्याखाली बोट बारीक झालंय.” मी तो साचा घेतला, प्लास्टर ओतले, चहाच्या पाण्याने आणि दगडाच्या भुकटीने रंग चढवला, आणि मला ते बोट दिसले नव्हते. सरांनाही दिसले नसावे, कारण ते कधी बोलले नाहीत. मी काकूंना म्हटले, “सहल संपेपर्यंत ठेवा तुमच्याकडे. फक्त सरांना दाखवू नका.” घड्याळजी म्हणाले, “आम्ही काय दाखवतो, आम्ही लपवाछपवीत पटाईत. चाळीस वर्षं ‘उद्या नक्की’ म्हणत गिऱ्हाइकांपासून न उघडलेली घड्याळं लपवलीयत.”

दि. १५ रोजी सकाळी ११.०० वाजता आम्ही राजवाड्यात शिरलो. ११.२० च्या सुमारास मूर्तिदालनात होतो. दालन लांबट आहे, दोन्ही बाजूंना खांब, उजेड एकाच खिडकीतून. मी खिडकीपाशी आरसा हातात धरून ऊन छतावर टाकले होते. दांडा खांबाला टेकवून ठेवला होता. सर आणि बाकीची मंडळी माना वर करून छत पाहत होती. काकू माझ्याजवळ होत्या. त्यांची कापडी पिशवी घड्याळजींच्या खांद्याला होती.

घड्याळजी त्या दासीपाशी गेले. त्यांनी पिशवीतून प्लास्टरचा हात काढला आणि मूर्तीच्या हाताला लावून पाहिला. ‘टक्’ असा आवाज झाला. ते काकूंच्या दिशेने म्हणाले, “अगं, तंतोतंत! नखसुद्धा तेच!” आणि प्रत पिशवीत टाकू लागले. सर त्या आवाजाला वळले. त्यांना एवढेच दिसले की घड्याळजी मूर्तीपासून मागे सरकत आहेत आणि एक हात पिशवीत चालला आहे. घड्याळजींनी सरांचा चेहरा पाहिला आणि त्यांना जी सवय होती तेच त्यांनी केले, विनोद केला. म्हणाले, “एक हात घरी नेतोय सर. हिला भांडी घासायला मदत होईल.”

मूर्तीचा हात जागेवरच होता. मूर्ती सरांपासून फार तर आठ पावलांवर, आणि आम्हा सगळ्यांना डोळे होते. एकानेही मान वळवून पाहिले नाही.

सर “चोरा!” असे ओरडले. त्यांनी खांबाशी टेकवलेला दांडा उचलला. पहिला फटका घड्याळजींच्या मनगटावर बसला, पिशवी पडली. दुसरा तोंडावर. त्यानंतर घड्याळजींना बोलता आले नाही. ते गुडघ्यांवर आले आणि एक हात वर करून नाही-नाही असे हलवू लागले. तिसरा फटका त्या हातावर बसला. चौथा खांद्यावर, पाचवा कानावर. ते पालथे पडले. पुढचे सहा फटके पाठीवर आणि डोक्यावर पडले, माणूस पडलेला असताना. सर प्रत्येक फटक्याला मूर्तीचे वय ओरडत होते, “आठशे वर्षं! आठशे वर्षं!” फरशीवर रक्त पसरले आणि सरांचा पाय त्यात घसरला, तेव्हा ते क्षणभर थांबून बूट पुसू लागले. मग पुन्हा एक मारला. एकूण बारा. मी ते मोजले आहेत.

परवाच्या जबाबात ‘झटापट’ हा शब्द आहे. तो खोडून ‘मारहाण’ लिहावा. झटापटीला दोघे लागतात. तसेच ‘चौथऱ्यावर डोके आपटले’ हेही खोडावे.

मला फक्त एक वाक्य बोलायचे होते, “सर, तो प्लास्टरचा आहे.” चार शब्द. ते मी का बोलले नाही, हे हवालदारांनी तीनदा विचारले. एक तर मला भीती वाटली, कारण न विचारता प्रत मी दिली होती आणि दांडा सरांच्या हातात होता. दुसरे सांगायला जीभ वळत नाही, पण सांगते. पहिल्या फटक्याच्या वेळी मला बरे वाटले. बावीस वर्षांत सरांनी माझ्या एकाही प्रतीला चांगले म्हटले नव्हते, आणि त्या क्षणी मी घडवलेला हात त्यांना खरा वाटला होता. हे सुख दोन फटके टिकले. तिसऱ्यापासून नुसती भीती होती. मला माझी किळस येते, असे लिहावे. हवालदार म्हणाले, ह्याची गरज नाही. तरी लिहावे.

दाराशी असलेला पहारेकरी धावत आला आणि त्याने सरांना मागून कवळ घातली. तेव्हा ११.३० झाले असावेत. त्याच्या ओरडण्यातून काकूंना कळले. सर धापा टाकत खाली बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाणी मागितले. मी दिले. घड्याळजींना उचलून नेत असताना मी पिशवीतून प्लास्टरचा हात काढून माझ्या पेटीत टाकला.

बसमध्ये सहलीतील निवृत्त मुख्याध्यापकांनी सगळ्यांना गोळा केले. ते म्हणाले, “हे बघा, टाके पडतील, माणूस वाचेल. सरांचं नाव मात्र गेलं की गेलं. घड्याळजींनी मूर्तीला हात घातला, सर आवरायला गेले, झटापटीत तोल गेला. पहारेकऱ्यानं शेवटचंच पाहिलंय. सगळ्यांनी एवढंच सांगायचं.” सतरा सहलकरी आणि मी, अठरा जणांनी एकच उत्तर लिहिले. त्यांच्या शाळेत ह्याला कॉपी म्हटले असते. काकू दवाखान्यात होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही, कारण ज्यांना दिसत नाही त्यांनी काय पाहिले असणार, असे सगळ्यांनी धरले.

काल सायंकाळी मी दवाखान्यात गेले होते. काकू बाकावर बसल्या होत्या. तिथल्या शिपायाने त्यांना तोंडावर सांगितले होते की तुमच्या नवऱ्याने मूर्ती फोडली. त्या मला म्हणाल्या, “हे असं करणार नाहीत. पण तिथं इतके शिकलेले लोक होते, ते सगळे सांगतायत. मग मीच चुकत असेन का गं?” मी त्यांना चहा आणून दिला. आज सकाळी ६.१० वाजता घड्याळजी वारले. एक माणूस तर गेला, आता त्याच्या बायकोने त्याला चोर समजून घरी जावे, हे माझ्याच्याने होणार नाही.

तो प्लास्टरचा हात मी आज हजर केला आहे. हवालदारांसमोर नखाने खरवडून आतला पांढरा भाग दाखवला आहे. घड्याळजींनी काहीही तोडले नाही व काहीही चोरले नाही. त्यांना सरांनी मारले. बाकीच्या सतरा जणांना पुन्हा बोलवावे. त्यात ड्रायव्हर मोजलेला नाही, त्यालाही बोलवावे, बसमधले ठरवणे त्याने ऐकले आहे, तो खरे सांगेल.

एवढे झाल्यावर हवालदारांनी हे सर्व सावकाश, मोठ्याने वाचले. माझ्या विनंतीवरून काकूंनाही समोर बसवले होते.  वाचून संपल्यावर काकू म्हणाल्या, “सगळं सांगितलंत?” मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, “माझा हात कुणाच्या हातात होता, ते राहिलं.”

त्यावरून पुढील मजकूर वाढवून घेतला आहे. मारहाण चालू असताना आरसा माझ्या उजव्या हातात आणि काकूंचा हात माझ्या डाव्या हातात होता. पहिला फटका ऐकून त्यांनी काय पडले असे विचारले. दांडा पडला, असे मी सांगितले. मग त्या घड्याळजींना हाका मारू लागल्या. उत्तर येईना, म्हणून हात सोडवून पुढे निघाल्या. त्या तिथे पोचल्या असत्या तर प्लास्टरच्या हाताचे बोलल्या असत्या आणि मी सापडले असते. मी म्हणाले, “काकू, थांबा, पुढे पायऱ्या आहेत.” त्या जागच्या जागी थांबल्या आणि घड्याळजींना हाका मारत राहिल्या. त्या दालनात एकही पायरी नाही.

वाढवलेला मजकूरही काकूंसमोर वाचला. आता काही राहिलेले नाही, असे त्या म्हणाल्या. मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.