दिलदाजूची कुत्री कोणती भाषा ऐकतात

बसा, बसा सगळे. ड्रायव्हर मंडळी, गाड्या राहू द्या जरा. मी सुमन, गोदामाच्या गेटसमोर चहा करते. मला भाषण येत न्हाय. पण दिलदाजूबद्दल मीच बोलायचं, असं तुम्हीच ठरवलंत. तर मंडळी, हसू आलं तर हसा. मला तर येणारच हाय.

दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. आपला दाजू नेपाळचा, लांब डोंगरातला. आपल्या मानकोलीच्या गोदामावर बारा वर्षं वॉचमन. त्याच्या गावात छन्त्याल बोली बोलतात. मी म्हटलं, "म्हणजे नेपाळीच ना रे?" तर म्हणाला, "नहीं ताई, नेपाली तो सब बोलते. ये हमारे थोडेही गाँव की है. इधर किससे बोलूँ?"

मग गडी कुत्र्यांशी बोलायला लागला. गेटवरची तिन्ही कुत्री छन्त्यालमध्येच वाढली. ये, बस, जेव, घरी जा. आपण मराठीत हाक मारली तर ढिम्म. हिंदीत शिव्या घातल्या तर जांभया.

आठवतंय, दाजू गावी गेला होता तेव्हा? दोन दिवस कुत्र्यांनी भाकरीला तोंड लावलं न्हाय. शेवटी साहेबांनी गावाला फोन लावला. दाजू गेला होता लाकडं आणायला, फोन घेतला त्याच्या आईनं. आजीनं स्पीकरवरून 'जेव' म्हटलं, आणि मेली कुत्री बसली की जेवायला. मग आजीनं आपल्याला ते चार शब्द शिकवले. साहेबांसकट सगळे घोकत होतो. परत आल्यावर दाजूनं ते ऐकलं आणि हसून हसून खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "ताई, अब मैं इधर अकेला नहीं."

परवा ड्युटीवरच गेला हो. खुर्चीत बसल्या बसल्या.

ही त्याची लेक, मीना. इथंच जन्मली, इथंच शिकतेय; आजीशी नेपाळीत बोलते, बापाची बोली तिलाही येत न्हाय. ती सांगते, बातमी गेल्यापासून आजी जेवली न्हाय. गाव समजावून थकलं, ती कोणाचं ऐकत न्हाय. मला त्याच म्हातारीची काळजी लागलीय.

मीनानं फोन लावलाय. आजी ऐकतेय. आधी दाजूसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू. मग सगळ्यांनी मिळून आजीला तिनंच शिकवलेला शब्द म्हणायचा. कुत्र्यांना म्हणतो तोच, दुसरा आपल्याला येतो कुठं? ती रागावणार न्हाय. तिनं आपली कुत्री जेवू घातली, आज आपण तिला जेव म्हणू.

उठा.