आत्याबाईंची साखर

तुम्हाला सांगतो, आमच्या मुलीचं लग्न माझ्या डायबेटिसपायी मोडता मोडता राहिलं. बदलापूर गावात बोलणी पक्की झाली आणि मुलाच्या आत्याबाईंनी माझ्यापुढे साखरेची वाटी धरली.

मी म्हणालो, "नको, मला शुगर आहे. रोज मोजून डायरीत लिहितो."

"मुलीचा बाप तोंड गोड करत नाही, म्हणजे स्थळ पसंत नाही!" आत्याबाई उठल्याच. मुलीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "व्याही, शुगर मलाही आहे. अर्धी-अर्धी चिमूट घेऊ."

आम्ही घेतली. उरलेली साखर आत्याबाईंनी तोंडात टाकली.

मी विचारलं, "तुम्हाला नाही ना शुगर?"

"तीनशे आहे! पण मी कधी कुणाचं लग्न अडवलं नाही."