पुतळीहारातलं चॉकलेटचं पदक

माझं नाव यशोधन विष्णू बर्वे, वय वीस, शिक्षण बारावी, दुसऱ्या खेपेला पास. धंदा तसा काही नाही, आईला चॉकलेटच्या ऑर्डरींमध्ये मदत करतो. राहणार सरकारी क्वार्टर, आर. के. पुरम, नवी दिल्ली. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहेत.

मी स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की, मला कोणी बोलावलं नव्हतं. सोबत नवरी सजवणाऱ्या चेतनाताई सोनटक्के यांचे मिस्टर प्रतीक आहेत. घरी मी 'दूध आणायला जातो' असं सांगून निघालो. दूध आणलेलं नाही.

आई घरी चॉकलेटं करते. कंपाउंड चॉकलेटची लादी वाफेवर वितळवायची, सिलिकॉनच्या साच्यात ओतायची, बुडबुडे निघावेत म्हणून साचा ओट्यावर आपटायचा, मग फ्रिजमध्ये. साचा रबरासारखा वाकतो, त्यामुळे मागून दाबला की चॉकलेट अख्खं बाहेर येतं. हे काढायचं काम माझं, कारण आईच्या हातून मोराची मान मोडते. माझ्याही हातून मोडते, पण ते मोडलेलं मी खातो म्हणून कळत नाही.

काल माझी मोठी बहीण इशिता हिचं लग्न करोल बागेतल्या एका हॉलमध्ये झालं. रुखवत आम्ही सगळं चॉकलेटचं केलं होतं. तुळशीवृंदावन, जातं, सप्तपदीची पावलं. लोक फोटो काढत होते. आई फार खूश होती.

ताईला साखरपुड्यात तिच्या सासूबाईंनी, म्हणजे हेमलताकाकूंनी, त्यांच्या घराण्यातला पुतळीहार घातला होता. त्याच्या मध्ये रुपयाएवढं जाड सोन्याचं पदक आहे. हार लग्नापर्यंत आमच्याच कपाटात होता. मी सदर बाजारातून साचे बनवायचा सिलिकॉनचा लगदा आणला, खायच्या वस्तूंना चालतो तो. त्यात पदक दोन्ही बाजूंनी दाबून साचा केला. पदकाच्या मागे एक ओरखडा आहे, तोही साच्यात उठला. चॉकलेट ओतून वर खायची सोनेरी पावडर लावली. आईला दाखवलं नाही. इतकं बेस्ट झालं होतं की मलाच खरं कुठलं ते दोनदा बघावं लागलं.

कानपिळीत मी नचिकेत जिजाजींचा कान पिळणारच होतो, पण कान काय, सगळेच पिळतात. माझा बेत असा होता की पंगतीत सगळ्यांसमोर ताईच्या गळ्यातलं पदक तोडायचं आणि कचकन खायचं. काकू किंचाळल्या की जिजाजींना एक मोठा चॉकलेटचा मोर द्यायचा आणि म्हणायचं, जिजाजी, दात सांभाळा. खरं पदक त्या मोराच्या पोटात होतं. आदल्या दिवशी धुऊन पुसून साच्यात ठेवून मीच वरून चॉकलेट ओतलं होतं. तो मोर चॉकलेटांच्या एका डब्यात घालून डबा काल पहाटे रुखवत मांडतानाच टेबलाखाली सरकवून ठेवला.

खोटं पदक हारात मी सकाळी नवरीच्या खोलीत अडकवलं. कडी उघडायला चेतनाताईंचा चिमटा घेतला. चेतनाताई आमच्याकडच्या सगळ्या मराठी नवऱ्यांना नऊवारी नेसवतात आणि तयार करतात. त्या तेव्हा ताईच्या केसांत गजरा माळत होत्या. चिमटा परत देताना त्या म्हणाल्या, "काय रे वात्रटा, कोणाचं काय उपटलंस?" मी म्हटलं, "आपल्याच मिशा." त्यांना माझ्या बेताची काहीही कल्पना नव्हती.

लग्न लागलं. हॉलचा एसी मध्येच बंद पडला. पंगत बसायच्या आधीच पदक ताईच्या अंगावर वितळलं. शालूवर तपकिरी ओघळ आला. हेमलताकाकूंनी बोट लावून बघितलं, वास घेतला, आणि मोठ्याने म्हणाल्या, "हे सोनं नाहीये! पदक बदललंय कोणीतरी!"

त्यानंतर नचिकेत जिजाजींचे मामा भाऊसाहेब यांनी विचारलं की नवरीच्या दागिन्यांना हात कोणाचा लागला. दोन-तीन बायकांनी चेतनाताईंकडे बघितलं. भाऊसाहेबांनी त्यांची पेटी टेबलावर उलटी केली. चिमट्याला सोनेरी पावडर होती. भाऊसाहेब म्हणाले, "हा बघा सोन्याचा चुरा. कानशीने घासलंय." कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. चेतनाताई म्हणत होत्या, "अहो, मी काय सोनारीण आहे का? गजऱ्याच्या पिना आहेत त्या, नीट उचला." मग त्या खाली बसून पिना गोळा करायला लागल्या.

या वेळी मी रुखवताच्या टेबलामागे उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं. मी काही बोललो नाही.

साहेबांनी विचारलं की का बोलला नाहीस. उत्तर : माहीत नाही. आधी वाटलं, मोर काढून एकदम दाखवतो, सगळे हसतील. टेबलाखाली हात घातला तर डबा नव्हता. मग हसण्यासारखं काही राहिलं नाही.

पोलीस आले. चेतनाताईंना ठाण्यात नेलं, विचारपूस करून संध्याकाळी घरी सोडलं, आज सकाळी परत यायला सांगितलं. ताई सासरी गेली. निघताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "यश, खरं सांग, तू काही केलंस का?" मी म्हटलं, "मी कशाला करू, यार." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसली. शालू बदलला होता.

आज सकाळी आईने चहा करताना सांगितलं की, काल सकाळी प्रतीकराव चेतनाताईंना सोडायला हॉलवर आले होते तेव्हा तिने टेबलाखालचा एक डबा त्यांच्या मुलीसाठी दिला. "पोरीला मोर आवडतो," असं आई म्हणाली. त्याच वेळी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हेमलताकाकूंचा मेसेज आला की पोलीस आज त्या बाईच्या घराची झडती घेणार आहेत. मी चहा प्यायलो नाही.

मी रिक्षाने चेतनाताईंच्या घरी गेलो. त्या ठाण्यात निघून गेल्या होत्या. प्रतीकराव मानेसरला कंपनीची बस चालवतात, आज ड्यूटीवर गेले नव्हते. मुलगी सात वर्षांची आहे. डब्यातली बाकीची चॉकलेटं तिने खाल्ली होती. मोर फ्रिजमध्ये बशीत ठेवला होता. मी विचारलं, हा का नाही खाल्लास? ती म्हणाली, "मम्मी ने कल से कुछ खाया नहीं. ये उसका है."

मोर माझ्या हातात होता. प्रतीकराव आत कपडे बदलत होते. मी तो खिशात घालून गेलो असतो, हॉलमध्ये कुठेतरी पदक टाकून दिलं असतं, तर ते झाडताना सापडलं असतं आणि माझं नाव कुठेच आलं नसतं. हे मला सुचलं होतं, म्हणून सांगतो. पण मग लोक म्हणाले असते, घाबरली आणि टाकून दिलं. मी प्रतीकरावांना बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. म्हणाले, "चल."

मोर आम्ही बशीसकट आणला. उघडला नाही, खरवडला नाही. तो साहेबांनी आत्ता दोन पंचांसमोर आणि बोलावून घेतलेल्या हेमलताकाकूंसमोर स्वतःच्या हाताने फोडला. आत पदक निघालं, मागे ओरखडा आहे. काकूंनी ते ओळखलं. ते घरी साच्यात घालणारा मी, चिमट्याला पावडर लावणारा मी. चेतनाताईंचा यात काही संबंध नाही.

साहेब म्हणाले, "ठीक है, हिंदी में लिख देते हैं, जल्दी हो जाएगा." मी म्हटलं, नाही सर, मराठीतच. चेतनाताईंना चोर म्हणणारा एकही माणूस हिंदी नव्हता. त्यांच्या पेटीचं शूटिंग ज्या ग्रुपवर गेलं तिथे हा कागद गेला पाहिजे. म्हणून महिला शिपाई अपूर्वा मॅडम, मूळच्या वर्ध्याच्या, यांनी मी बोललो तसं लिहून घेतलं. याची एक प्रत चेतनाताईंना मिळावी आणि त्यांनी ती कोणालाही दाखवावी. माझी काही हरकत नाही. इशिताताईनेही वाचावी.

चेतनाताई शेजारच्या बाकावर बसून ऐकत होत्या. हेमलताकाकू त्यांना म्हणाल्या, "झालं गेलं, आता सोडून द्या." मी त्यांना सॉरी म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे दोन नवऱ्या होत्या, दोघींनी काल रात्रीच फोन करून नको म्हणून सांगितलं, असं प्रतीकरावांनी मला रिक्षात सांगितलं होतं. तेही लिहावं, असं मी सांगितल्यावरून लिहिलं आहे.

अपूर्वा मॅडमनी हा जबाब पहिल्यापासून मोठ्याने वाचला. मी सांगितलं तेच आणि तेवढंच यात आहे, कोणी धाक दाखवला नाही. वाचून झाल्यावर चेतनाताईंनी कागद मागून घेतला, पहिली ओळ बघितली आणि मला विचारलं, "नाव पूर्ण लिहिलंस ना? वडिलांचंसुद्धा?" हो, पूर्ण लिहिलं आहे. खाली सही करतो.

यशोधन विष्णू बर्वे