काळी पडलेली फिल्म

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि एक आजोबा, डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. दोघं एकाच छापखान्यातले. आजी फिल्म धुण्याचं मशीन चालवायच्या आणि आजोबा पानं जुळवायचे, एवढं बोलण्यावरून कळलं होतं.

“ताई, तीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवलीय. आज सांगूनच टाकतो.”

“सांगा की. नंबर यायला वेळ आहे.”

“कॅलेंडरची ती फिल्म मशीनमधून काळीठिक्कर बाहेर आली होती, आठवतं?”

“न आठवायला काय झालं! मालकांनी छापखाना डोक्यावर घेतला होता.”

“डार्करूमचं दार मी उघडलं होतं. बाहेर लाल दिवा लागलेला बघितलाच नाही, आणि उजेड थेट फिल्मवर पडला.”

“मला माहीत होतं.”

“काय? मग मालकांना सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही नुकतेच कामाला लागला होतात. दुसऱ्या दिवशी घरी बसला असतात. मी सांगितलं, मशीनचं झाकण सैल झालंय, उजेड आत शिरतो.”

“म्हणजे माझ्यापायी खोटं बोललात!”

“खोटं कसलं? झाकण सैल होतंच. दोन वर्षं मी नवं मशीन मागत होते, मालक दाद देत नव्हते. त्या फिल्मनंतर आठवड्यात आलं.”

“आणि मी मात्र मनातल्या मनात कुढत राहिलो! तुमच्यासाठी रोज चहा कशाला आणायचो, वाटतं तुम्हाला?”

“तेही माहीत होतं.”

“मग एकदा तरी म्हणायचंत, भाऊ, जाऊ द्या, झालं ते!”

“म्हटलं असतं हो. पण चहा फक्कड असायचा.”