खिडकीतनं आत गेलेला पदर

...वढू नको गं, राहू दे तसाच. अडकला न्हाय पदर. त्याचं टोक आत हाय, आमच्या भैरवीच्या मुठीत. माझी नात, साडेतीन वर्साची. ती आत अंगणवाडीत खिडकीखाली बसती आन म्या भायेर ह्या दगडावर. सकाळी येते, लेकरांची खिचडी झाली की जाते. दीड महिना झाला. हसतीस? हास. समदं गाव हासून दमलं, आता कोण बघत बी न्हाय.

तू रणधीरची बायको न्हवं का? तरीच म्हणलं. आन आत टाहो फोडतंय ते तुझं? दिग्विजय. पयला दिवस. बस, दगड मोठा हाय. — मलाबी वनमालाबाई, ही अंगणवाडीची बाई गं, तीच म्हणली, आजी, घरातलं एखादं कापड ठिवा लेकराजवळ, वळखीचा वास आला की गप बसतं. असंल तसं पुस्तकात. म्या माझं जुनं लुगडं आणलं, खिडकीच्या गजाला बांधलं, टोक हिच्या हातात दिलं आन घरी जाऊन भाकरी थापाय बसले. दुसरी भाकरी तव्यावर टाकली तवर मदतनीस पळत आली. हिला नुसतं लुगडं नको, लुगड्यात माणूस पायजे. कसं कळतं म्हणजे — वढून बघती ना. तिनं आतनं एकदा वढायचं, म्या भायेरनं एकदा वढायचं. मग ती गप. गाणी म्हणती, मणी ववती, समदं करती, पण एका हातानं. — हे बघ, वढलं. थांब. — हां. झालं. गज काय वढत न्हाय. त्यानं तेवढं केलं असतं तर माझ्या सकाळच्या भाकरी झाल्या असत्या.

कुठं निघालीस? त्याला न सांगता, मागच्या वाटंनं घरी? कोण म्हणलं असं, सासू? खेळण्यात रमला की निसटून ये म्हणली. बस खाली. तसं करू नको. का म्हणजे — नको. मला काय ठावं न्हाय व्हय, आपल्याकडं समदी तसंच करत्यात. लेकराला चिमणी दाखवायची, कावळा दाखवायचा, तवर आई पसार. म्याबी माझ्या लेकरांना तसंच सोडून रानात जायची. कुणाचं काय बिघडलं? आमचा उत्तरेश्वर, हिचा बाप, तीस वर्साचा बाप्या झाला, ट्रॅक्टर चालवतो, चांगला हाय. फकस्त झोपेतनं उठला की आदी उंबऱ्यात जाऊन बघतो कुणाच्या चपला न्हाईत. तेवढंच. — ते जाऊ दे.

आता आपल्या ह्या सोनारीत चिमणी कोण दाखवतंय. हितं माकडं. देवळाभवती पायलीला पन्नास. आमची दैवशाला, माझी सून, पोलिसात भरती झाली, तुला ठावं असंल. पाटं उठून परंड्याच्या रस्त्यानं पळायची. नागपूरला ट्रेनिंगला गेली, तीन महिने झाले, अजून सहा हाईत. जाताना ती म्हणत हुती, आत्या, म्या हिला सांगून जाते, रडली तर रडली. — म्याच नको म्हणलं. म्हणलं, तुझा पाय निघायचा न्हाय. म्या हिला देवळाकडं नेते, तू गाडीत बस. नेली. मुठीत फुटाणे दिले. एक माकडीण पोटाला पिल्लू धरून बसली हुती, ती दाखवली. ही लई हसली गं. हातातले समदे फुटाणे त्या माकडिणीला टाकले.

रडली? न्हाय. रडली असती तर बरं झालं असतं. घरी आली, न्हाणीत बघितलं, कणगीच्या मागं बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. मग माझा पदर धरला. तवापासनं सोनारीत राहून ही पोरगी माकडाकडं बघत न्हाय. पत्र्यावर माकडं आली की समदी लेकरं वर बघत्यात, ही खाली मान घालून माझ्याकडं बघती. तिला वाटतं, माकडाकडं बघितलं की घरातलं माणूस जातं. आता म्या तिला काय सांगू, तसं नसतं म्हणून? तिच्यापुरतं तर तसंच झालंय. — आईतवारी दैवशाला फोनवर दिसती. ही एक शब्द बोलत न्हाय. दैवशाला इचारती, आत्या, माझ्यावर रुसलीय का? म्या म्हणते, रेंज न्हाय.

हे तुला सांगायचं काय कारण न्हवतं. डोळ्याचं म्हणून सांगते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उद्या बार्शीला ऑपरेशन. दोन रात्री मुक्काम. उत्तरेश्वर म्हणला, आये, तू काळजी करू नको, सकाळी म्या हिला माकडं दाखवायला नेतो, तू जीपमधी बस. त्याला काय बोलू? त्याला शिकवलं कुणी?

न्हाय, हिला अजून सांगितलं न्हाय. चार दिस झाले, रोज म्हणते आज सांगू. परवा खिचडी खाताना तोंड उघडलं आन म्हणलं, भात सांडू नको. काल म्हणलं, शेंबूड पूस. आमचं मालक गेलं तवा म्या एकटीनं रान कसलं, भावकीला भिले न्हाय, कुणाच्या बापाला भिले न्हाय. आन ह्या एवढ्याशा पोरीला भितेय. ती परत घरभर हुडकंल, आन ह्या वक्ताला धरायला पदर बी नसंल. रात्री हेच डोळ्यापुढं येतं गं.

तुझं अजून रडतंयच. जा आत, पुढच्या दारानं. त्याच्यापुढं खाली बस आन तोंडावर सांग, आई घरी चाललीय, खिचडी झाली की न्यायला येती. वरडंल. केस वढंल. वढू दे. तुझ्यासमोर रडतंय तवर बरं हाय. — म्या? म्याबी सांगते. सांगते म्हणलं ना. आत्ताच सांगते.

भैरवे. ए भैरवे. ऊठ, गजापाशी ये. वढू नको, म्या हितंच हाय, माझ्याकडं बघ. आई गेली त्या दिशी तुला देवळाकडं म्या नेलं हुतं. आईला तुला सांगून जायचं हुतं. म्या सांगू दिलं न्हाय. त्या माकडिणीनं काय केलं न्हाय, बाळा. आजीनं केलं. आन उद्या आजी डोळ्यासाठी बार्शीला जाणार हाय, दोन रात्री, पण तुला सांगून जाणार. — तू अजून हितंच का उभी गं? जा की आपल्या लेकराकडं.